फूल आलं की कळवा

सेक्टर ३०, चंडीगढ
१२ मार्च १९८८

प्रिय प्रीतम,

नांदेड, गुरुद्वाऱ्यामागची गल्ली, वडिलांचं मोटारच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. एवढ्याच पत्त्यावर हे अंतर्देशीय टाकतेय. सात वर्षं समोरासमोर राहिलो आणि तुझ्या माहेरचा धड पत्ता माझ्याजवळ नाही. पण चार पावलांवरच्या माणसाचा पत्ता कोण लिहून ठेवतं?

बुधवारी सकाळी दुधाला दार उघडलं, तर उंबऱ्याशी तुझी ती आमरीची, म्हणजे ऑर्किडची, कुंडी आणि समोर तुमच्या दाराला कुलूप. न सांगता गेलात. मला राग आलाय. साऱ्या चंडीगढात माझ्याशी मराठीत भांडणारी तू एकटीच होतीस. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका मराठी बोलतात, पण नवऱ्याच्या हुद्द्याच्या बेताने बोलतात. भाजीवाल्याला मी मराठीत शिव्या घालत होते आणि मागून एक पंजाबी सूटवाली बाई म्हणाली, ‘ताई, हळू बोला, मला समजायलंय.’ तो दिवस आठवतो ना? नांदेडच्या मराठी शाळेत शिकलेली सरदारीण माझ्याच जिन्यावर राहायला यावी, याला मी माझं भाग्य समजत होते.

तर कुंडी. तिच्यात माती नव्हतीच! नुसते कोळसे आणि विटांचे तुकडे. घर आवरायच्या घाईत तुझ्या सरदारजींनी हाताला लागेल ते भरलं असणार. मी चांगली काळी माती, शेणखत, चहाचा चोथा घालून नव्या कुंडीत लावलंय. बाहेर लोंबणारी मुळं उंदराच्या शेपटांसारखी दिसत होती, ती कात्रीने साफ केली. रोज आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालते, तेव्हा याच्याही बुडाशी तांब्याभर ओतते. विश्वासाने माझ्या दारात ठेवून गेलीस, तर हयगय होणार नाही.

कुलवंतचा काही ठावठिकाणा लागला का? तुझ्या दिराला त्या पहाटे जीपमध्ये घालून नेलं, त्याला आता सात आठवडे होऊन गेले. तुम्ही दोघं या ठाण्यातून त्या ठाण्यात फिरलात आणि जो तो कानांवर हात ठेवत राहिला. मी इथे त्याच्याविषयी कुणापाशी अवाक्षर काढलेलं नाही, हे तुला वेगळं सांगायला नकोच. आम्ही त्या पहाटे गाढ झोपेत होतो, नाहीतर आमचे हे नक्की बाहेर आले असते. सरकारी लॅबमध्ये सगळे ह्यांना ओळखतात.

दोन ओळी तरी पाठव.

तुझी,
सुहासिनी

२४ एप्रिल १९८८

प्रिय प्रीतम,

तुझं उत्तर नाही. पण माझं पत्रही परत आलेलं नाही. म्हणजे कुणीतरी ते घेतलंय.

झाडाचं काही खरं नाही. खालची तीन पानं पिवळी पडून गळली. मी खताचा हात वाढवला आणि पाणी संध्याकाळीही घालायला लागले, तर चौथंही पिवळं पडलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते असं. कॉलनीचा माळी म्हणतो, ‘बीबीजी, यह इधर का पौधा नहीं है.’ मी म्हटलं, बाबा, इधरचे आम्ही तरी कुठे आहोत? सात वर्षं काढलीच ना.

या माळ्यावर माझा संशय आहे. तुमच्या खिडकीखालच्या वाफ्यात तो जानेवारीत रोज काय खुरपत होता? धुक्यात कुणी वाफे खुरपतं का? दूधवाल्याचंही मनात येतं. तुमच्या लोहडीच्या सणापासून तू अर्धा लिटर जास्त घेत होतीस, ते त्याने कुठेतरी बोलून दाखवलं असेल. घरात पाहुणा आहे हे दुधावरून ओळखायला काय लागतं?

तुमचा फ्लॅट अजून रिकामाच आहे. रोज पहाटे साडेपाचला मला जाग येते. कान समोरच्या दाराकडे लागतात. काल तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू आली. वरच्या मजल्यावरची असेल, पण तुझा कुकर तिसऱ्या शिट्टीला अडखळायचा आणि हीसुद्धा अडखळली. मी ह्यांना उठवलं. हे म्हणाले, ‘झोप.’ मग ह्यांनाही झोप लागली नाही.

तुझी,
सुहासिनी

१९ जुलै १९८८

प्रिय प्रीतम,

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. कुंडीबरोबर एक चिठ्ठी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सुतळीने देठाला बांधलेली. गुरुमुखीत, गच्च दोन्ही बाजूंनी.

मी ती पहिल्याच दिवशी काढून घेतली आणि देवघरात गणपतीच्या पाटाखाली ठेवली. मला गुरुमुखी येत नाही हे तुला माहीत आहे; बसची पाटीसुद्धा मी नंबरावरून ओळखते. कुणाकडून वाचून घ्यायची? त्यात कुलवंतच्या कुणा दोस्ताची नावं असली तर? ज्याला वाचायला देईन त्याने आणखी कुणाला सांगितलं तर? इथे रोज बातम्या येतात. अतिरेक्यांनी बस अडवली, नावं विचारली, हिंदू वेगळे काढले. मोहालीच्या रस्त्यावर नाक्यावर पोलीस ह्यांचा जेवणाचा डबासुद्धा उघडून बघतात. अशात घरी गुरुमुखीतला कागद ठेवायचा म्हणजे निखारा ठेवल्यासारखं आहे. जाळावा म्हणून दोनदा गॅस पेटवला. दोन्ही वेळा बंद केला.

खरं सांगायचं तर भीती एवढीच नव्हती. वाटायचं, ती चिठ्ठी माझ्याविषयी असेल. तू मला लिहिलं असतंस तर मराठीतच लिहिलं असतंस, हे मला कळतं. तरी पूजेला बसले की हात जोडावेत गणपतीला आणि लक्ष पाटाखाली. आता तिथे डोळे मिटून बसता येत नाही.

झाडाला दोनच पानं उरलीत. देठ बुडाशी काळा पडलाय आणि कुंडीला वास येतो.

सुहासिनी

२२ ऑगस्ट १९८८

प्रिय प्रीतम,

आज श्रावणी सोमवार. सुमेधाला म्हटलं, पाट पूस. ती सहावीत गेली म्हणून आता पूजेची तयारी तिच्याकडे दिलीय. मी स्वयंपाकघरात साबुदाणा परतत होते आणि पाटाखाली काय आहे हे साफ विसरले. आतून तिचा आवाज आला, ‘मम्मी, यह पौधे वाला काग़ज़ भगवानजी के नीचे क्यों रखा है?’

प्रीतम, माझ्या पोरीला शाळेत पंजाबी आहे. तिसरीपासून आहे. तूच तर तिची उजळणी घ्यायचीस, आमच्या जिन्यावर बसून. आणि मी पाच महिने सगळ्या शहरात वाचणारा शोधत होते.

तिने मला सगळं वाचून दाखवलं, अडखळत, बोट ठेवून. मी मराठीत उतरवून घेतलं (भरजाई म्हणजे वहिनी, हेही तिनेच सांगितलं):

‘भरजाईजी, याला माती अजिबात नको. माती घातली की मुळं गुदमरतात. कोळसा आणि विटांचे तुकडेच राहू द्या. बाहेर लोंबणारी मुळं कापू नका, झाड त्यांनीच हवेतलं पाणी पितं. मूळ पांढरं दिसलं की पाणी, हिरवं असेल तर थांबा. लूच्या गरम वाऱ्यात कूलरच्या खोलीत ठेवा, धुक्यात काचेच्या आड. खत थोडं, माया थोडी, दोन्ही जास्त झाली की मरतं. घाई करू नका, याला दोन वर्षंही लागतील. फूल आलं की कळवा. कुलवंत.’

एवढंच. नावं नाहीत, पत्ते नाहीत. मी आधी हसले. मग साबुदाणा करपला तरी उठले नाही. सुमेधा विचारत राहिली, ‘मम्मी, कुलवंत चाचा कब आएँगे?’ मी तिला उगाचच ओरडले.

दुपारी कुंडी उपसली. माती चिकट झाली होती आणि मुळं कुजून बोटांत सालीसारखी सुटत होती. सगळी कापली. बोटाएवढं एकच मूळ टणक राहिलं होतं. कापल्या जागी हळद दाबली. इस्त्रीवाल्याकडून कोळसे मागून आणले, नव्या बांधकामावरून विटा, आणि वरवंट्याने फोडल्या. जुनी कुंडी, तुमची, मी जिन्याखाली टाकली होती, तीच परत आणली. झाड कूलरच्या खोलीत टांगलंय. जगेल की नाही, माहीत नाही. मारलं मात्र मीच, रोज आंघोळ करून, शुद्ध मनाने.

सुहासिनी

१५ जानेवारी १९८९

प्रीतम,

काल संक्रांत झाली. मी या वर्षी हळदीकुंकू केलं नाही. मंडळातल्या बायकांना सांगितलं, तब्येत बरी नाही.

आज रविवार, बाहेर इतकं धुकं आहे की समोरचा दिवाही दिसत नाही. हे आणि सुमेधा झोपलेत. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही. माळ्याचं, दूधवाल्याचं मी जे लिहिलं ते विसर. चोराच्या मनात चांदणं.

गेल्या वर्षी लोहडीच्या दुसऱ्या दिवशी तू तीळ परत करायला आलीस आणि दारातच म्हणालीस, ‘ताई, शनिवारी हळदीकुंकवाला माझं येणं होणार नाही. कुलवंत आलाय. कॉलेजातल्या त्याच्या दोन दोस्तांना पोलिसांनी उचललंय, त्यांच्या वहीत याचंही नाव होतं म्हणे. त्यानं काही केलं नाही, झाडांशिवाय त्याला काही समजत नाही. पण घराबाहेर पाय टाकत नाही. कुणाला बोलू नका.’ मी म्हटलं, वेडी का काय, मी कशाला बोलू.

पण मला राग आला होता. तुला हे माहीत नसेल. महिनाभर मी मंडळात मिरवत होते की माझी सरदारीण नऊवारी नेसून येणार आणि सरदारजींचं नाव उखाण्यात घेणार. तुझा उखाणा आपण दोघींनी मिळून रचला होता. चंडीमंदिर छावणीतल्या मेजरीणबाई, कर्नलीणबाई सगळ्यांना बोलावलं होतं. आणि तू यायची नव्हतीस. तुझ्या घरी काय चाललंय हे ऐकूनही मला माझ्या हळदीकुंकवाचं पडलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

शनिवारी बारा बायका जमल्या. रागिणीबाई आल्या होत्या, ज्यांचे यजमान ‘सेंट्रलच्या एका ऑफिसात’ आहेत एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या म्हणाल्या, ‘काय हो सुहासिनीताई, तुमची सरदारीण कुठाय? टाळलं वाटतं आपल्याला. ते लोक आता आपल्यात मिसळायचे नाहीत.’ सगळ्या हसल्या. मला झोंबलं. तुझ्यासाठी झोंबलं की माझ्यासाठी, देव जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, ‘तसं नाही हो. तिच्याकडे दीर आलाय, बाहेर पडत नाही बिचारा. त्याला सोडून कशी येईल?’ आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हटलं.

रागिणीबाईंनी विचारलं, ‘बाहेर का पडत नाही?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, ताप आहे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी पुढच्या बाईला अत्तर लावलं.

शनिवारी हे झालं. मंगळवारी पहाटे जीप आली.

रागिणीबाईंनी सांगितलं का, मला माहीत नाही. त्यांची बदली झाली, त्या फेब्रुवारीतच गेल्या. दुसऱ्या कुणी घरी जाऊन सहज बोललं असेल. बारा बायका, बारा नवरे. पण बोलणारी पहिली मी.

आणि आम्ही झोपेत नव्हतो. जिन्यावर बूट वाजले तेव्हाच जाग आली. तू आमचं दार बडवत होतीस. ‘ताई, दार उघडा. तुम्ही बाहेर या, तुमचं ऐकतील. ताई!’ मी दाराशी होते. माझा हात कडीवर होता. ह्यांनी मागून मान हलवली, नको. ह्यांच्यावर ढकलत नाही मी, कडी माझ्या हातात होती. तुझा आवाज आणि माझा हात यांच्यात एक फळी होती, प्रीतम. मग जीप सुरू झाली आणि तू दार बडवायची थांबलीस. उजाडल्यावर दार उघडलं तर जिन्यावर कुलवंतची एक चप्पल पडलेली होती. मी दार परत लावून घेतलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा ती नव्हती. तूच उचलली असशील.

हळदीकुंकवाचं ह्यांना अजून माहीत नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय.

आता क्षमा माग असं मन म्हणतं, पण कुठल्या तोंडाने मागू? तू उत्तर दे एवढंच मागते. शिव्या दिल्यास तरी चालतील. मराठीत दे.

सुहासिनी

ता. क. त्या एका मुळाला टोकाशी हिरवा ठिपका आलाय. कुलवंतने लिहिलं तसं, मी पाणी घालायची थांबलेय.

२७ मे १९९०

प्रीतम,

सव्वा वर्ष लिहिलं नाही. तेवढं सांगून झाल्यावर झाडाच्या गप्पा मारायला लेखणी रेटेना.

ह्यांना मी सांगितलं. ते दोन दिवस जेवले नाहीत, मग म्हणाले, ‘कडीचं पाप अर्धं माझं.’ त्यानंतर आम्ही त्यावर बोललेलो नाही. समोर तुमच्या फ्लॅटमध्ये हिमाचलचं एक जोडपं आलंय, चांगली माणसं आहेत. मी त्यांच्याशी बेताने बोलते. कुणाशीच जास्त बोलत नाही आता. मंडळात म्हणतात, सुहासिनीताई फार बदलल्या. पहाटे साडेपाचला जाग येतेच. उठून दाराची कडी काढून ठेवते. कुणी येणार नाही हे कळतं, तरी काढून ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात झाडाने दोन मुळं बाहेर सोडली, पावसाळ्यात पान आलं, मग दुसरं. हिवाळाभर खिडकीच्या काचेआड नुसतं बसून होतं. मी त्याला हात लावला नाही. मला हात न लावणं शिकायला किती वेळ लागला! मार्चअखेर पानाच्या बगलेत एक कोंब दिसला. मला वाटलं मूळ. ते खाली वाकत, लांबत गेलं, आणि परवा उमललं.

प्रीतम, ही सीतेची वेणी आहे. आमच्या देवरुखला आंब्याच्या खोडांवर पावसाच्या तोंडावर लोंबते. पांढरी, गुलाबी ठिपक्यांची, वीतभर वेणी. शाळेत जाताना आम्ही मुली ती केसांत माळायचो. मी दोन वर्षं परक्या मुलखातली म्हणून जिची काळजी केली ती माझ्या ओळखीची निघाली. फूल नसताना मी तिला ओळखलंच नव्हतं.

चिठ्ठीत लिहिलंय म्हणून कळवते. फूल आलं.

कुंडी तुमची आहे. सांगशील तर मी गाडीत मांडीवर घेऊन नांदेडपर्यंत येईन. आत बोलावलं नाहीस तरी चालेल, दारात ठेवून परत फिरेन.

सुहासिनी

नांदेड
१४ जून १९९०

सुहासिनीताईंस,

तुमची सगळी पत्रं पोचली. पोस्टमन वडिलांच्या ओळखीचा आहे. उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून दिलं नाही.

तुम्ही संक्रांतीला जे कबूल केलं ते मला त्या पहाटेच समजलं होतं. त्या लोकांनी आत आल्या आल्या विचारलं, ‘वह मेहमान कहाँ है जो बाहर नहीं निकलता?’ बाहर नहीं निकलता. हे मी साऱ्या चंडीगढात एकाच माणसाला सांगितलं होतं. तरी मी तुमचंच दार ठोठावलं. मला दुसरं दार नव्हतं.

कुंडी विश्वासानं ठेवली असं तुम्ही लिहिता. तसं नाही. मला ती फेकवेना आणि घेऊन जाववेना. रोज सकाळी दार उघडलं की तुम्हाला ती दिसावी, म्हणून ठेवली. मेली असती तरी मला चाललं असतं. चिठ्ठी मी बांधली नव्हती. त्यानं झाड दिलं तेव्हा त्यानंच बांधली होती, ती काढायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही. राहिलं असतं तर मी काढून घेतली असती, आणि झाड मेलं असतं. याचा मी पुष्कळ विचार केला.

सासूबाई आता आमच्यापाशीच असतात. त्याही पहाटेच उठतात आणि दार उघडं टाकून उंबऱ्यात बसतात. ती चप्पल त्यांच्या उशाशी आहे. तुमचं शेवटचं पत्र मी त्यांना पंजाबीत सांगितलं, नुसतं फुलाचं, बाकीचं कधीच सांगितलेलं नाही. त्यांनी रंग विचारला. मग म्हणाल्या, ‘कुलवंत को ख़बर कर दे, ख़ुश हो जाएगा.’

कुंडी आणू नका. तुम्हाला बघण्याइतकी मी अजून बरी झालेली नाही. नांदेडचा उन्हाळा तिला सोसायचाही नाही. मूळ पांढरं दिसलं की पाणी घालत जा.

फूल आलं की कळवा, असं त्यानं लिहिलं होतं. तुम्ही मला कळवलं. मी कुठल्या पत्त्यावर कळवू, ताई?

प्रीतम